बाईकवर हात बधिर होतो? ग्रिप बदलण्याआधी या चुका टाळा

लाँग राइडमध्ये हाताला मुंग्या यायला लागल्या की बहुतेक जण आधी फोमची ग्रिप कव्हरं मागवतात. त्यानं भागलं नाही की जेलचे ग्लोव्ह्ज येतात, मग हँडल उंच करणारे राइझर, आणि तरीही फरक पडला नाही की ‘ही गाडीच अशी आहे’ म्हणत ती विकायला निघते. यातली एखादी वस्तू लागू पडतेही, पण ती नशिबानं. हात बधिर होण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि एका कारणावरचा उपाय दुसऱ्या कारणाला कधीकधी उलटा पडतो.

त्यामुळे सगळ्यात मोठी चूक म्हणजे निदान न करता खरेदी करणं. पुढच्या राइडला एवढंच बघा: कोणता हात बधिर होतो, त्यातली कोणती बोटं, आणि गाडी काय करत असताना.

सगळी बोटं एकाच कारणानं बधिर होत नाहीत

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची मधल्या बोटाकडची बाजू यांची संवेदना मीडियन नर्व्ह सांभाळते. ही नस मनगटाच्या मधोमध, हाडं आणि वरचा जाड पट्टा यांच्यामधल्या अरुंद बोगद्यातून तळहातात उतरते. मनगट वर किंवा खाली मुडपलेलं राहिलं की या बोगद्यातला दाब वाढतो. ही बोटं झोपत असतील तर संशय मनगटाच्या कोनावर घ्या.

करंगळी आणि अनामिकेची उरलेली बाजू अल्नर नर्व्हकडे असते. ती तळहाताच्या खालच्या भागात, करंगळीच्या बाजूनं जाते. शरीराचा भार हँडलवर रेलला की नेमकी तीच जागा दाबली जाते. हीच नस कोपराच्या मागूनही जाते (कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात त्या हिच्यामुळेच), त्यामुळे तासन् तास कोपर फार दुमडलेलं राहिलं तरी तिला त्रास होतो.

पाचही बोटं सारखीच गुणगुणतात आणि गाडीवरून उतरल्यावरही थोडा वेळ हातात इंजिन चालू असल्यासारखं वाटतं, तेव्हा बहुतेक वेळा व्हायब्रेशन हे कारण असतं. खांद्यापासून अख्खा हात जड पडत असेल तर हँडलकडे बघूच नका. मान आणि पाठीवरची सॅक तपासा.

उजवा हात: थ्रॉटल धरण्याची पद्धत

थ्रॉटल बंद असताना मनगट सरळ ठेवून मूठ धरायची आणि मग तशीच पिळायची, ही सवय शहरात चालून जाते. हायवेवर तोच थ्रॉटल तासभर उघडा ठेवायचा असतो आणि तेवढा वेळ मनगट खाली पडून हात मागे मुडपलेला राहतो. वेग स्थिर झाला की मूठ किंचित सैल करून पुढच्या बाजूनं पुन्हा धरा, म्हणजे त्या वेगाला मनगट सरळ येईल. ग्रिप तळहातात काटकोनात दाबून धरण्यापेक्षा स्क्रू ड्रायव्हर धरतो तशी तिरकी धरा, कोपर थोडं बाहेर ठेवा. मग थ्रॉटल फिरवण्याचं काम मनगटाऐवजी सगळा हात करतो.

एवढं करूनही जोर लागत असेल तर थ्रॉटलची केबल बघा. कोरडी पडलेली किंवा कुठेतरी मुडपलेली केबल हाताला सतत मागे खेचते. बाजारातली ग्रिप बसवल्यावर ती बार-एंडला (हँडलच्या टोकाच्या वजनाला) घासते, हेही नेहमीचं. इंजिन बंद ठेवून हँडल डावीकडे, मधे आणि उजवीकडे असताना थ्रॉटल उघडून सोडा. तिन्ही वेळा तो झटकन मिटला पाहिजे. रेंगाळत असेल तर तो हात दुखण्यापेक्षा मोठा धोका आहे. ते दुरुस्त होईपर्यंत गाडी बाहेर काढू नका.

तळहात टेकवायची प्लास्टिकची पट्टी मिळते, ती थ्रॉटलवर चढवली की मूठ सैल ठेवता येते. पुणे-कोल्हापूरसारख्या लांबलचक पट्ट्यात तिचा उपयोग होतो. शहरात मात्र ती काढलेलीच बरी, कारण ब्रेक धरताना किंवा हँडल पूर्ण वळवताना तळहाताचा दाब पट्टीवर पडून गाडी पुढे उसळते.

डावा हात म्हणजे क्लच

कर्वे रोडला संध्याकाळी सातला किंवा घोडबंदर रोडला कधीही जो हाफ क्लचवर सरकतो, त्याच्या डाव्या हाताचं दुखणं हायवेवाल्यापेक्षा वेगळं असतं. इथे चूक एकच आणि सार्वत्रिक: जड झालेला क्लच सवयीनं चालवून घेणं. क्लच एका दिवसात जड होत नाही, त्यामुळे तो कधी जड झाला हे चालवणाऱ्याला कळतच नाही. त्याच मॉडेलची नवी गाडी एकदा दाबून बघा, फरक लगेच हाताला लागेल. बऱ्याचदा दोष केबलचा असतो: आतून कोरडी, लिव्हरच्या टोकाला तारा तुटायला लागलेल्या, किंवा कुणीतरी झिप टायनं आवळून वाकवलेली. केबल क्लच प्लेटपेक्षा कितीतरी स्वस्त असते, तरी लोक ती तुटेपर्यंत बदलत नाहीत.

लिव्हरच्या टोकाशी मोकळी चाल (क्लच ओढला जाण्याआधीची ढिलाई) साधारण १० ते २० मिलिमीटर असते, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. चाल उरलीच नाही तर क्लच घसरतो आणि प्लेट जळतात. ती जास्त असली तर लिव्हर पार मुठीपर्यंत ओढावा लागतो, गिअर अडकतात आणि बोटं थकतात. बोटं आखूड असतील तर अंतर कमी-जास्त करता येणारा लिव्हर आपल्या मॉडेलला मिळतो का ते विचारा. लिव्हरपर्यंत बोटांची टोकंच पोहोचत असतील तर कोणतीही ग्रिप कामाची नाही.

आणि सिग्नलला न्यूट्रल करा. नव्वद सेकंद पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून उभं राहण्याची हौस हाताला आणि क्लचला दोघांनाही महाग पडते.

लिव्हरचा कोन न बदलणं

हा उपाय फुकट आहे आणि कुणीच करत नाही. शोरूममधून गाडी येते तेव्हा लिव्हर ज्या कोनात असतात त्याच कोनात ते वर्षानुवर्षं राहतात. चालवणारा पाच फूट दोन इंचाचा असो की सहा फुटी!

गाडी मेन स्टँडवर लावा, नेहमीसारखे बसा, डोळे मिटून हात सहज पुढे न्या आणि बोटं लिव्हरवर ठेवा. कोपरापासून बोटांपर्यंत एक सरळ रेषा आली पाहिजे. बोटं वर उचलावी लागत असतील तर लिव्हर फार वर आहेत. क्लॅम्पचे बोल्ट थोडे सैल करून ते खाली फिरवा. डिस्क ब्रेकची ऑइलची टाकी त्याच क्लॅम्पवर असते. ती फार तिरकी होऊ देऊ नका. आरसेही हलतील, ते पुन्हा लावून घ्या. बोल्ट आवळताना सगळा जोर लावू नका, गाडी पडलीच तर लिव्हर फिरावा, मोडू नये.

हँडलवर रेलून बसणं

हँडल गाडी वळवायला असतं, धड पेलायला नाही. पुन्हा मेन स्टँडवर बसा, राइडची पोझिशन घ्या आणि दोन्ही हात ग्रिपपासून इंचभर उचला. पुढे कोसळत असाल तर एवढा वेळ तुमचा भार तळहातांवर होता. गुडघ्यांनी टाकी धरा, पोटाचे आणि कमरेचे स्नायू कामाला लावा, कोपरं सैल ठेवा. पहिल्या दिवशी मांड्या दुखतील, पण त्या दुखायलाच हव्यात. काही गाड्यांच्या सीटचा उतार पुढच्या बाजूला असतो, ब्रेक लावला की माणूस टाकीवर घसरतो. तिथे हँडलपेक्षा सीटच्या फोमवर खर्च करणं शहाणपणाचं.

राइझर लावायचे तर हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून क्लच, थ्रॉटल आणि ब्रेकच्या केबल ताणल्या जात नाहीत ना ते बघा. पूर्ण वळवल्यावर रेस आपोआप वाढत असेल तर तो राइझर त्या केबलवर चालणार नाही.

गणपतीला कोकणात निघताना पाठीवर भरगच्च सॅक घेणारे पुष्कळ असतात. तिचे पट्टे खांदे मागे ओढतात, मान पुढे येते आणि माणगाव येईपर्यंत दोन्ही हात जड होतात. सामान मागच्या सीटवर बांधा.

व्हायब्रेशन: कुठून येतं ते न शोधणं

एक सोपी चाचणी आहे. ज्या वेगाला हात गुणगुणतात त्याच वेगाला, रस्ता मोकळा असताना, एक गिअर खाली टाका. थरथर बदलली तर ती इंजिनाची. गिअर कोणताही असो, ठरावीक वेगाला तशीच येत असेल तर टायर, चाकाचा बॅलन्स, वाकडी रिम किंवा कोनसेट (हँडल वळतं तिथले बेअरिंग) बघा.

इंजिनाची असेल तर त्यामागे साधं गणित आहे. सिंगल सिलिंडर इंजिन ४००० आरपीएमला सेकंदाला सुमारे ६७ फेरे मारतं आणि प्रत्येक फेऱ्याला पिस्टन फ्रेमला हिसका देतो. हँडलची स्वतःची एक कंपनसंख्या असते. दोन्ही जुळली की हँडल झणझणतं, म्हणूनच एखाद्या ठरावीक वेगालाच त्रास होतो. हँडलच्या टोकाचे जड बार-एंड ही कंपनसंख्या बदलून झणझण तुम्ही रोज चालवता त्या वेगापासून दूर नेतात. ते शोभेचे नसतात. हँड गार्ड किंवा बार-एंडचे आरसे बसवताना गॅरेजवाला ते काढून ठेवतो आणि महिन्याभरानं ‘हात का बधिर होतो’ हा प्रश्न येतो. हे वजन परत बसवा, किंवा वजन असलेलेच हँड गार्ड घ्या.

इंजिन माउंटिंगचे बोल्ट, हँडलच्या क्लॅम्पखालचे रबर आणि चेन यांचीही तपासणी करून घ्या. पण प्रत्येक गाडी मऊ होणार नाही, हे मान्य करावं लागतं. रॉयल एनफिल्डच्या जुन्या ३४६ सीसी इंजिनात थरथर कमी करणारा बॅलन्सर शाफ्ट नव्हता. तो २०२० मध्ये मिटिऑरबरोबर आलेल्या नव्या ३४९ सीसी इंजिनात आला. जुनी बुलेट नव्वदनं रेटायची आणि हातांनी तक्रार करायची नाही, असं होत नाही. ती सत्तरला खूश असते, तिथेच चालवा.

जाड ग्रिप, घट्ट ग्लोव्ह्ज

फोमची कव्हरं थरथर थोडी कमी करतात, पण मूठ जाड होते. हात लहान असेल तर जाड मूठ आवळायला जास्त जोर लागतो आणि त्रास वाढतो. शिवाय पावसात फोम पाणी पितं आणि सैल कव्हर थ्रॉटलवर फिरतं. लावायचंच तर घट्ट बसणारं लावा.

ग्लोव्ह घालून मूठ मिटली की बोटांची टोकं ओढली जाता कामा नयेत, आणि तळहातातली शिवण ग्रिपवर दबता कामा नये. पावसाळ्यात बघा: मनगटावर घड्याळाचा पट्टा, त्यावर रेनकोटच्या बाहीचं इलॅस्टिक, त्यावर ग्लोव्हचा आवळलेला वेल्क्रो. तीन पट्टे, आणि तिन्ही नेमके त्या नसेच्या बोगद्याजवळ. घड्याळ खिशात टाकलं तरी फरक पडतो.

बधिर झालेल्या हाताला पकड कळत नाही, म्हणून माणूस आणखी आवळतो आणि हात आणखी बधिर होतो. घाटात एक हात सोडून झटकत बसू नका. तासाभरानं थांबा, उतरा, हात खाली सोडा, मुठी उघडा-मिटा.

गाडीचा दोष नसेल तेव्हा

रात्री मुंग्यांनी जाग येते, दुसऱ्या दिवशीही बधिरपणा राहतो, हातातून कप निसटतो, शर्टाची बटणं लावताना बोटं चुकतात किंवा अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग सपाट दिसायला लागलाय, तर गॅरेज सोडा आणि डॉक्टरकडे जा. मधुमेह, थायरॉइडचा विकार आणि गरोदरपण यांत मनगटातली नस दबण्याची शक्यता वाढते. मेडिकलमधून स्वतःच बी-१२च्या गोळ्या घेऊन महिने काढणं ही इथली मोठी चूक. बी-१२ कमी आहे का ते रक्त तपासल्यावर कळतं, आणि दबलेली नस गोळीनं मोकळी होत नाही. चेहरा किंवा शरीराची एक बाजू अचानक बधिर झाली किंवा बोलणं अडखळलं तर थेट हॉस्पिटल गाठा, स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

दिवसभर डिलिव्हरीसाठी गाडी चालवणाऱ्यांनी डॉक्टरांना कामाचे तास आवर्जून सांगावेत. बऱ्याचदा रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट दिला जातो. तो झोपताना घालायचा. तो घालून गाडीवर बसणारेही दिसतात, पण मनगट वळलंच नाही तर अचानक ब्रेक लावायची वेळ आल्यावर हात लिव्हरपर्यंत वेळेत पोहोचणार कसा?