ऑक्टोबर छाटणी द्राक्षाला, पारिजातकाला नाही! शरदातल्या सुवासिक फुलांसाठी या चुका टाळा

नवरात्र आलं की आपल्या नाशिकजवळ निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाच्या गोडी छाटणीची, म्हणजे फळासाठीच्या ऑक्टोबर छाटणीची लगबग सुरू होते, आणि शहरातल्या अंगणांतही त्याच सुमाराला कात्र्या चालायला लागतात. त्यात दिवाळीची साफसफाई. कंपाउंडबाहेर गेलेला पारिजातक, जिन्यात लोंबणारी जाई, गच्चीच्या कठड्यावर पसरलेली रातराणी, सगळं एका रविवारी साफ होतं. मग कार्तिकात तक्रार येते: यंदा फुलंच नाहीत.

झाडाचं काही बिघडलेलं नसतं. आपल्याकडे घरच्या बागेतला शरदातला सुगंध हुकतो तो बहुतेक वेळा चांगलं काम भलत्या वेळी केल्यामुळे. खत घातलं जातं, छाटणी होते, पाणी दिलं जातं, पण द्राक्षबागेचं वेळापत्रक अंगणातल्या झाडांना लावलं जातं किंवा दिवाळीच्या सोयीनं काम उरकलं जातं.

कात्री कुठे थांबवायची

द्राक्षाचं गणित वेगळं आहे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर जी काडी वाढते, तिच्या डोळ्यांत घड आधीच तयार होऊन बसलेला असतो. ऑक्टोबरची छाटणी त्या डोळ्याला जागं करते. पारिजातकात मात्र पावसाळ्यात वाढलेल्या कोवळ्या फांदीच्या शेंड्याकडे फुलं येतात. एक फांदी हातात धरून बघा. काडी बोटांत फिरवली तर गोल नाही, चौकोनी लागते, पान खरखरीत, आणि शेंड्याकडे, पानांच्या बेचक्यातून निघालेल्या बारीक देठांवर कळ्यांचे छोटे झुबके असतात. ऑक्टोबरमध्ये वरचा हातभर शेंडा छाटला की पुढच्या दीड-दोन महिन्यांचा सडा कचऱ्याच्या गाडीत गेला म्हणून समजा.

पारिजातक छाटायचा तो फुलं संपल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत. तोवर फार तर वाळलेली काडी आणि रस्त्यात येणारी एखादी फांदी काढा. यंदा छाटून झालं असेल तर घाबरून खताचा मारा करू नका. उरलेल्या फांद्यांवर थोडी फुलं येतील, बाकीच्यांसाठी पुढच्या पावसाळ्याची वाट बघायची.

जाईचंही तेच. पावसाळ्यात सुरू झालेला तिचा बहर थंडी पडेपर्यंत थोडाथोडा चालू राहतो, म्हणून ती डिसेंबरअखेरीस छाटतात, जुई जानेवारीच्या शेवटी. सोनटक्क्याला तर छाटणी अशी नसतेच. प्रत्येक दांड्याच्या टोकाला एकमेकांवर चढलेल्या हिरव्या खवल्यांचं कणीस येतं आणि त्या खवल्यांतून रोज एक-दोन फुलं बाहेर पडतात. दांडे फार उंच झाले म्हणून श्रावणात शेंडे खुडले की फुलांचा विषयच संपला. फुलून झालेला दांडा मात्र परत फुलत नाही, तो जमिनीलगत कापून टाका, म्हणजे शेजारच्या नव्या कोंबाला जागा होते.

ऑक्टोबरमध्ये छाटायचाच असेल तर गुलाब छाटा. पाऊस पूर्ण थांबला, जमीन वाफशावर आली, म्हणजे चिकट ओल जाऊन भुसभुशीत झाली, की गुलाबाची छाटणी करायची. साधारण 40 ते 45 दिवसांत फुलं येतात, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यावर छाटलेला गुलाब नोव्हेंबरअखेरीस, छान गारव्यात फुलतो. मुघलांच्या काळात गुलशनाबाद म्हणवल्या गेलेल्या नाशकात एवढं तरी नेमाने व्हायला हवं.

शेवंतीवर पडणारा रस्त्यावरचा दिवा

गच्चीवरच्या आणि गेटजवळच्या शेवंत्यांची ही खास तक्रार: झाड हिरवंगार, गुडघाभर वाढलेलं, पण नोव्हेंबर उजाडला तरी बोंडी नाही. लोक खत बदलतात, माती बदलतात, नर्सरीवाल्याला दोष देतात. रात्री नऊ वाजता त्या कुंडीजवळ जाऊन उभं राहा. रस्त्यावरच्या एलईडी दिव्याचा पांढरा उजेड पानांवर पडत असेल, तर कारण सापडलं.

शेवंती रात्रीची लांबी मोजते. 23 सप्टेंबरच्या आसपास दिवस-रात्र समान होतात आणि मग रात्र वाढत जाते. सलग मोठा अंधार मिळाला की शेवंती पानं वाढवायचं सोडून कळ्या धरते. त्या अंधारात रोज उजेड पडत राहिला तर झाडाच्या लेखी अजून उन्हाळाच चालू असतो. गणपतीच्या मांडवापासून नवरात्रापर्यंत हॅलोजनजवळ राहिलेल्या कुंड्यांचं हेच होतं.

उपाय फुकटचा आहे. ऑगस्टअखेरपासून कुंडी घराच्या मागच्या बाजूला, जिथे दिवसा सहा-सात तास ऊन आणि रात्री खरा काळोख असेल तिथे हलवा. हलवता येत नसेल तर बांबूच्या चार काड्या रोवून संध्याकाळी सहाला जाड काळं कापड टाका आणि सकाळी सातला न चुकता काढा. कळ्या नीट दिसू लागेपर्यंत हे रोज करावं लागतं. मध्येच दोन-चार दिवस खंड पडला की मेहनत वाया जाते.

दुसरी चूक शेंडे खुडण्याची. शेंडा खुडला की शेवंती डेरेदार होते हे खरं, पण ते काम जुलै-ऑगस्टचं. सप्टेंबर सरल्यावर खुडलात तर येणारी बोंडीच खुडता.

दसऱ्याला वेणी पाहून लावलेला निशिगंध

सणात फुलबाजारात निशिगंधाचे ढीग दिसतात, घमघमाट असतो, आणि माणूस उत्साहाने कंद आणून ऑक्टोबरात लावतो. कंद मातीत पडून राहतो, थंडीत वाढ खुंटते, जास्त पाणी झालं तर कुजतो. निशिगंधाचे कंद मार्च-एप्रिलमध्ये लावायचे. तीन-साडेतीन महिन्यांनी दांडे यायला लागतात आणि पावसाळा संपून गारवा येईपर्यंत येत राहतात. आत्ता आणलेच असतील तर कागदात गुंडाळून कोरड्या, हवेशीर जागी ठेवा आणि उन्हाळ्याच्या तोंडावर लावा.

कंद निवडताना हात आखडू नका. बोटाच्या पेरापेक्षा लहान कंदाला पहिल्या वर्षी नुसतं गवतासारखं पान येतं. दोन-तीन वर्षं जागचा न हललेला गड्डा असेल तर आत कंदांची दाटी झालेली असते आणि दांडे कमी होतात. असा गड्डा उकरून मोठे कंद वेगळे करून लावले पाहिजेत. आणि वासासाठी लावत असाल तर एकेरी पाकळीचा निशिगंधच घ्या. दुहेरी दिसायला भरगच्च असतो, पण सुगंधात एकेरीच्या मागे पडतो. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे शृंगार आणि प्रज्वल हे दोन्ही एकेरी वाण आहेत. प्रज्वलच्या कळीवर किंचित गुलाबी झाक असते.

पाऊस गेला, पाणी कोण देणार?

ऑक्टोबर हीटमध्ये सगळ्यात जास्त कळ्या गळतात त्या तहानेनं. चार महिने पाण्याची सवय सुटलेली असते आणि जमिनीत अजून ओल आहे असं वाटत राहतं. आपली काळी माती या बाबतीत फसवी आहे. ओली असते तेव्हा चिकट आणि दमट, वाळायला लागली की भेगा पडतात आणि त्या भेगांबरोबर बारीक मुळ्या तुटतात. जाईच्या वेलाखाली भेग दिसली म्हणजे पाण्याला उशीरच झाला. पाऊस थांबला की वेलाच्या बुंध्याभोवती वाळका पाला किंवा उसाचं पाचट चार बोटं जाड पसरा आणि बोट दोन इंच मातीत घालून कोरडं लागलं की पाणी द्या.

सोनटक्क्याला सगळ्यात आधी फटका बसतो. तो मुळात ओलाव्याचा, हिमालयाच्या पायथ्याकडचा. आपल्याकडे दुपारच्या उन्हात ठेवला आणि दोन दिवस पाणी चुकलं की कणसातली फुलं बाहेर येण्याआधीच करपतात. त्याला सकाळचं ऊन आणि दुपारची सावली द्या. मोरीच्या पाण्याची वाट त्याच्याकडे काढायची जुनी पद्धत चांगली होती, फक्त त्यात डिटर्जंट नको.

पारिजातकाचं उलट. पाणी साचलेलं त्याला चालत नाही. गच्चीच्या पन्हाळाखाली लावलेला पारिजातक पिवळा पडत असेल तर आधी पाण्याची वाट वळवा.

कुंडीत निव्वळ काळी माती भरू नका, तिची वीट होते. निम्मी माती, बाकी शेणखत, वाळू आणि थोडं कोकोपीट हे मिश्रण बहुतेक फुलझाडांना मानवतं.

पानं पिवळी, शिरा हिरव्या

सोनचाफा आणि अनंत यांचा मुख्य बहर पावसाळ्यातला, पण सोनचाफा सप्टेंबर-ऑक्टोबरातही मन लावून फुलतो. आपल्या भागात यांची नवी पानं पिवळट होतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही भूक नत्राची नसून लोहाची आहे. मातीतल्या चुनखडीमुळे आणि बोअरच्या जड पाण्यामुळे लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही. इथे युरिया टाकून काही होत नाही. लिटरभर पाण्यात 3 ते 5 ग्रॅम फेरस सल्फेट घालून संध्याकाळी पानांवर फवारा, किंवा चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपातलं लोह, मातीतून द्या. चुन्याच्या मातीत टिकणारा प्रकार ईडीडीएचए. द्राक्षवाल्यांना तो माहीत असतो. गच्चीवरून येणारं पावसाचं पाणी पिंपात धरून ठेवलंत तर या दोन झाडांना तेच द्या. होमाची किंवा चुलीची राख यांना अजिबात घालू नका, राखेने मातीचा चुन्याकडचा कल आणखी वाढतो.

कलमी सोनचाफा असेल तर जोडाच्या खालून फुटलेले कोंब काढत राहा. ते जोमाने वाढतात, आणि वरचं कलम उपाशी राहतं.

मळ्यातून आलेली पुडी

नाशकात जवळपास प्रत्येकाचा कोणी ना कोणी भाऊ, मामा, साडू द्राक्षवाला असतो, आणि त्याच्याकडून उरलेलं खत-औषध घरी येतं. 0:52:34 किंवा 0:0:50 (आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद, पालाशचे) सारखं पाण्यात विरघळणारं खत ठीक आहे, पण मळ्याच्या हिशेबाने नाही. कुंडीला लिटरमागे ग्रॅम-दोन ग्रॅम पुष्कळ. ऑगस्टनंतर नत्र आवरतं घ्या, नाहीतर रातराणीला कोवळी पानं येत राहतात आणि त्यावर मावा.

जीए (जिबरेलिक ॲसिड, द्राक्षावर मारतात ते वाढीचं संजीवक) मात्र घरच्या फुलझाडांवर मारू नका. छाटणीनंतर द्राक्षाच्या काडीचे डोळे फुटण्यासाठी लावतात ते हायड्रोजन सायनामाईड तर घरात आणूच नका. ते विषारी आहे, त्वचेला भाजतं, आणि पाण्याच्या बाटलीत भरून आणलेलं असेल तर लहान मुलांच्या जिवाशी खेळ आहे. मावा, पिठ्या ढेकूण, उन्हात वाढणारा लाल कोळी यांना लिटरमागे 5 मिली निंबोळी तेल आणि चार थेंब पातळ साबण पुरतं. फवारणी संध्याकाळी करा, पानाच्या खालच्या अंगाला करा, आणि आठवड्याने परत करा.

जाईच्या कळीवर बाहेरून गुलाबी-जांभळी छटा दिसते ती तिची मूळचीच, रोग समजून कळ्या तोडू नका. कळीला बारीक भोक आणि दोन-तीन कळ्या जाळीने बांधलेल्या दिसल्या तर ती कळी पोखरणारी अळी. तेवढे झुबके खुडून साबणाच्या पाण्यात टाका.

फुलं आहेत, पण वास नाही

रातराणीला सकाळी दहाला नाक लावून उपयोग नाही. ही फुलं रात्री उडणाऱ्या पतंगांसाठी फुलतात, वास अंधार पडल्यावर सोडतात. पारिजातक संध्याकाळी उमलतो आणि पहाटे गळतो, तेव्हा ऊन चढण्याआधी वेचला तरच परडीत वास राहतो. गुलाबाच्या बाबतीत दोष निवडीचा असतो. फुलदाणीत टिकण्यासाठी तयार केलेल्या लांब दांड्याच्या डच गुलाबांत वास जवळजवळ नसतो. गुलकंदाची, वासाची हौस असेल तर गावठी गुलाब मागून घ्या.

जागा

रातराणी झोपण्याच्या खोलीच्या खिडकीशी लावू नका. बंद खोलीत तो वास अनेकांचं डोकं चढवतो, दम्याच्या माणसाला त्रास होऊ शकतो. झाडाचे सगळे भाग, विशेषतः फळं, विषारी आहेत, म्हणून रांगतं मूल किंवा कुत्रं असेल तर ती कुंपणापलीकडेच बरी. वासाने साप येतो ही भीती सोडा. साप येतो तो बुडाशी साठलेल्या पाल्यातल्या बेडकांसाठी, उंदरांसाठी. बूड स्वच्छ ठेवा.

सातवीण आणि बुच यांचा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा वास आवडतो म्हणून ती प्लॉटमध्ये लावली जातात. दोन्ही मोठे वृक्ष आहेत. बुचाचं लाकूड ठिसूळ, वादळात फांद्या मोडतात, मुळांवरून नवी रोपं फुटत राहतात. ती मोकळ्या मैदानाला शोभतात, दोन गुंठ्यांतल्या बंगल्याला नाही.

आणि शरदात मोगरा फुलत नाही म्हणून त्याला खत घालत बसू नका. तो उन्हाळ्याचा आहे. नोव्हेंबरच्या शेवटी त्याची छाटणी करा, तोवर पाणी कमी करत न्या.