क्लास डी बोर्ड लावताना या चुका टाळा: ४४४० च्या सवयी इथे महागात पडतात

लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत पीएएम ८४०३ या क्लास डी अँप्लिफायर चिपचा बोर्ड मागितला, की दुकानदार टपाल तिकिटाएवढी एक चकती पुढे टाकतो. पाच व्होल्टवर चालते, दोन चॅनेल, हीटसिंक नाही. ज्यांचे हात ४४४० या जुन्या अँप्लिफायर आयसीवर बसलेत, त्यांना आधी हे खेळणंच वाटतं. मलाही वाटलं होतं, आणि पहिले दोन बोर्ड मी त्याच भ्रमात जाळले.

४४४० मधले ट्रान्झिस्टर अर्धवट उघड्या नळासारखे चालतात. स्पीकरला नको असलेलं व्होल्टेज ते स्वतःवर घेतात आणि त्याची उष्णता करतात. अशा जुन्या पद्धतीची कार्यक्षमता कागदावर जास्तीत जास्त ७८.५ टक्के, तीही आवाज पूर्ण ताणल्यावर. व्होल्टेज निम्म्यावर आलं की ती ३९ टक्क्यांवर येते, आणि गाणं बहुतेक वेळ त्याहून खालीच असतं. क्लास डी मधला ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण चालू असतो, नाहीतर पूर्ण बंद. चालू असताना त्याच्यावर व्होल्टेज जवळजवळ नसतं, बंद असताना करंट नसतो. मग तापायचं कशाने? ८४०३ ही उघडझाप सेकंदाला सुमारे २ लाख ६० हजार वेळा करते. गाण्याचा चढउतार असतो तो त्या उघडझापीच्या प्रमाणात: चालू किती वेळ, बंद किती वेळ. स्पीकरची कॉइल एवढ्या वेगाला दाद देत नाही, तिच्यापर्यंत फक्त सरासरी पोचते, आणि ती सरासरी म्हणजेच आपलं गाणं.

आता चुका. सगळ्यात महाग चूक म्हणजे मायनस एकत्र करणं. ४४४० स्टिरिओमध्ये लावला की दोन्ही स्पीकरचे मायनस ग्राउंडला जातात, म्हणून जुन्या डब्यांत तीनच वायरी ओढलेल्या असतात. ८४०३ मध्ये मायनस नावाचा मायनसच नाही. प्रत्येक स्पीकरची दोन्ही टोकं उघडझाप करत असतात, एक वर ओढतं तेव्हा दुसरं खाली. मी अशाच एका जुन्या खोक्यात, आहेत त्याच तीन वायरींवर डाग मारले. आवाज आला, पण फाटका. बोट लावून पाहिलं तर चिप चटका देत होती, आणि मिनिटभरात तो ओळखीचा वास. शॉर्टपासून संरक्षण असतं असं डेटाशीट सांगते, पण त्या भरवशावर प्रयोग करू नका. चार टोकं, चार वायरी. एकही ग्राउंडला नाही, चासीला नाही. हेडफोनचा जॅक या आउटपुटवर लावणं हीसुद्धा तीच चूक, कारण जॅकमध्ये डावा-उजवा मायनस आतूनच जोडलेला असतो. ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिप स्पीकरच्या टोकाला लावाल तर तिथेही हेच होऊ शकतं.

मल्टिमीटर लावून घाबरू नका. गाणं बंद असताना स्पीकरच्या कुठल्याही टोकापासून ग्राउंडपर्यंत अडीच व्होल्ट दिसतात. ‘आउटपुटला डीसी आलाय’ म्हणून चांगला बोर्ड कचऱ्यात टाकणारे मी पाहिलेत. स्पीकरच्या दोन टोकांमध्ये मोजा. तिथे शून्याच्या आसपास असेल तर सगळं ठीक आहे.

‘३ वॉट अधिक ३ वॉट’ हा आकडा खोटा नाही, पण तो ५ व्होल्ट, ४ ओहम आणि १० टक्के डिस्टॉर्शनचा, म्हणजे आवाज फाटायला लागल्यावरचा आहे. साधा हिशेब करा: व्होल्टेजचा वर्ग, भागिले ओहमची दुप्पट. ५ व्होल्टला ३.१ वॉट येतात. तोच बोर्ड थेट ३.७ व्होल्टच्या सेलवर लावला की १.७ वॉट, आणि ८ ओहमचा स्पीकर असेल तर त्याच्याही निम्मे. म्हणून आवाज कमी आला की लोक ४ ओहमचे दोन स्पीकर पॅरलल मारतात. मग होतात २ ओहम, आणि ते या चिपला झेपत नाहीत. पिएझो ट्वीटरही सरळ जोडू नका. तो कपॅसिटरसारखा वागतो आणि उघडझापीचा करंट फुकट पितो.

बोर्डाला ब्लूटूथ मॉड्यूल जोडलं की बेसच्या ठोक्याला ब्लूटूथ तुटतं, पुन्हा ‘कनेक्टेड’ म्हणतं, ही तक्रार नेहमीची. दोष ब्लूटूथचा नाही. दोन्ही चॅनेल भरात असताना बोर्ड जवळजवळ दीड अँपिअर ओढतो, आणि मागे ५०० मिलिअँपचं यूएसबी पोर्ट किंवा केसासारखी बारीक वायर असते. व्होल्टेज बसतं, मॉड्यूल रीसेट होतं. वायर जाड घ्या, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर थेट बोर्डाच्या पॉवर पॅडवर लावा. हातभर लांब लावलात तर उपयोग नाही.

गाणं नसताना येणारी किरकिर वेगळी. ब्लूटूथ मॉड्यूल आणि अँप्लिफायर एकाच सप्लायवर, एकाच ग्राउंडवर असले की मॉड्यूलच्या करंटचे झटके ऑडिओच्या वायरीत शिरतात. आधी बॅटरीपासून दोघांना स्वतंत्र वायरी ओढून पाहा. तरी नाही गेली तर ब्लूटूथला बी०५०५एस हा आयसोलेटेड (दोन्ही बाजूंचं ग्राउंड वेगळं ठेवणारा) कन्व्हर्टर द्या. व्हॉल्यूमचा पॉट बदलत बसण्यात माझा एक रविवार गेला होता, तो तुमचा तरी वाचेल.

आणि रेडिओ. आमच्या आईच्या ओट्यावर आकाशवाणी पुणे, ७९२ किलोहर्ट्झ, सकाळपासून चालू असते. शेजारी मी बनवलेला स्पीकर ठेवला आणि बातम्यांच्या जागी नुसती शिट्टी. उघडझाप तिच्या तिप्पट फ्रिक्वेन्सीवरही लहरी सोडते, आणि २६० किलोहर्ट्झची तिप्पट ७८०. प्रत्येक चिपची फ्रिक्वेन्सी थोडी इकडेतिकडे असते, आणि २६४ असेल तर तिप्पट नेमकी ७९२. या चिपला आउटपुट फिल्टर नसतो, त्यामुळे स्पीकरच्या लांब वायरी म्हणजे चक्क एरियल. मी त्या कापून चार इंचांवर आणल्या, पीळ दिला, बोर्डाच्या पॅडजवळ फेराइट बीड (वेगवान उघडझाप अडवणारे मणी) घातले. शिट्टी बरीच बसली, पूर्ण गेली नाही. शेवटी आईनेच स्पीकर उचलून फ्रिजवर नेऊन ठेवला.