सणासुदीत इंटरमिटंट फास्टिंग कसं करावं: वजन वाढू न देण्याचा जमण्याजोगा मार्ग

सणासुदीच्या दिवसांत वजनाची काळजी असणारी माणसं बहुधा दोन टोकांना जातात. काही जण 'आता सगळं आटोपल्यावर बघू' म्हणून हात वर करतात. काही जण नेमक्या याच आठवड्यांत कडक उपवास धरतात, दिवसभर कशाला तोंड लावत नाहीत आणि रात्री पाहुणे गेल्यावर उरलेल्या पदार्थांवर तुटून पडतात. इंटरमिटंट फास्टिंग म्हणजे दिवसातल्या ठरावीक तासांतच खायचं आणि उरलेले तास पोट रिकामं ठेवायचं. ही पद्धत या दिवसांतही उपयोगी पडते, फक्त ती नेहमीपेक्षा सैल करावी लागते आणि तिच्याकडून अपेक्षा वेगळी ठेवावी लागते.

आधी अपेक्षेचं बोलू. या दिवसांत चार-पाच किलो उतरवायच्या मागे लागू नका. आहे ते वजन वाढू दिलं नाहीत तरी ते मोठं काम आहे. अमेरिकेत १९५ प्रौढांवर झालेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत त्या लोकांचं वजन सरासरी ०.३७ किलो वाढलं होतं. आकडा किरकोळ वाटतो, पण ही वाढ पुढच्या महिन्यांत उतरली नाही. दर वर्षी एवढीशी भर पडत राहिली तर दहा वर्षांत कपड्यांचं माप बदलतं. म्हणून सणांत वजन राखायचं आणि सण संपले की उतरवायचं, हाच क्रम मला शहाणपणाचा वाटतो.

घड्याळ नेमकं काय करतं

जेवल्यानंतर काही तास शरीर अन्नातून आलेली साखर वापरतं. जादा साखर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात साठते. यकृतातला हा साठा साधारण १०० ग्रॅमचा असतो. रात्रभर काही खाल्लं नाही की तो हळूहळू उतरतो आणि शरीर चरबी अधिकाधिक वापरू लागतं. इथपर्यंत सगळं खरं आहे. पण यावरून 'ठरलेल्या आठ तासांत काहीही खा, वजन आपोआप उतरेल' असा जो निष्कर्ष काढला जातो, तो चुकीचा आहे.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात एका गटाने बारा आठवडे दुपारी १२ ते रात्री ८ एवढ्याच वेळात, पण हवं ते खाल्लं. दुसऱ्या गटाने नेहमीसारखी तीन जेवणं घेतली. दोन्ही गटांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. चीनमधल्या ग्वांगझूमध्ये १३९ स्थूल लोकांवर वर्षभर झालेला प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे दोन्ही गटांना कॅलरींची सारखीच मर्यादा होती आणि एका गटाला शिवाय सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळेचं बंधन होतं. वेळ पाळणाऱ्यांचं वजन ८ किलोने उतरलं, दुसऱ्यांचं ६.३ किलोने. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही.

मग घड्याळाचा फायदा काय? ते कुंपणासारखं काम करतं. सणांत वजन वाढतं ते एखाद्या मोठ्या जेवणाने कमी आणि येता-जाता तोंडात टाकलेल्या घासांनी जास्त. स्वयंपाकघरातून जाताना एक तुकडा, कोणी डबा पुढे केला म्हणून दोन घास, रात्री गप्पा मारताना समोरच्या बशीतलं मूठभर. यातलं काहीच आपण 'जेवण' म्हणून मोजत नाही. तास ठरलेले असले की हे घास आपोआप गळतात, आणि प्रत्येक वेळी मनाशी झगडावं लागत नाही.

कोणी हे करू नये

हा भाग वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. गरोदर स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या माता, १८ वर्षांखालची मुलं, आधीच वजन कमी असलेली माणसं (बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, १८.५ पेक्षा कमी), अशक्त वृद्ध आणि ज्यांना खाण्याशी संबंधित मानसिक आजार आहे किंवा कधी होता, त्यांनी उपाशी राहण्याचे प्रयोग करू नयेत.

मधुमेहाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही करू नका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेऊन उपाशी राहिलं की रक्तातली साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या वर्गातल्या गोळ्यांवर असताना लांब उपवास केला तर रक्तात आम्ल साचण्याचा वेगळाच धोका असतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी आणि जेवणासोबतच घ्यायची औषधं असणाऱ्यांनीही आधी वेळापत्रक दाखवून घ्यावं.

पहिली पायरी: बारा तासांपासून सुरुवात

सण सुरू व्हायच्या आठ-दहा दिवस आधी सुरुवात करा. रात्री साडेआठला जेवलात तर सकाळी साडेआठपर्यंत काही खायचं नाही, एवढंच. यातले सात-आठ तास झोपेतच जातात. हे अंगवळणी पडलं की पहिलं जेवण अर्ध्या-अर्ध्या तासाने पुढे ढकलत चौदा तासांपर्यंत या आणि तिथेच थांबा. सोळा तासांची पद्धत जास्त गाजलेली आहे खरी, पण घरात वर्दळ, झोप अपुरी, जेवणाच्या वेळा दुसऱ्यांच्या हातात अशा दिवसांत सोळा तास ओढून-ताणून पाळले की एक दिवस तोल जातो आणि मग सगळंच सुटतं. आठवड्यातले दोन दिवस जेमतेम ५०० ते ६०० कॅलरी खाण्याची '५:२' पद्धतही या दिवसांत मी कोणाला सुचवणार नाही.

दुसरी पायरी: रिकाम्या तासांत काय चालतं

पाणी हवं तेवढं प्या. बिनसाखरेचा, बिनदुधाचा चहा किंवा कॉफीही चालते, पण उपाशीपोटी कॉफीने पित्त खवळत असेल तर ती पहिल्या जेवणानंतर घ्या. फळांचा रस, मध घातलेलं पाणी, 'फक्त थोडंसं' दूध हे सगळं खाण्यातच धरायचं.

भूक नेहमीच्या नाश्त्याच्या वेळी जोरात लागते. भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक सवयीच्या वेळी वाढतं आणि काही खाल्लं नाही तरी नंतर ओसरतं. त्यामुळे सुरुवातीच्या दिवसांत पोटात कालवाकालव झाली की ग्लासभर पाणी पिऊन हातात दुसरं काम घ्या. बहुतेक वेळा ती लाट निघून जाते, आणि काही दिवसांनी ती त्या वेळी येईनाशी होते.

चक्कर, थंड घाम, हातांची थरथर, छातीत धडधड, बोलताना गोंधळ ही मात्र भूक नव्हे. अशा वेळी उपवास तिथेच मोडायचा. तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच घ्या, साखर मोजायचं यंत्र असेल तर मोजा. दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या (mg/dL) खाली आकडा असेल तर पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, वर आला नसेल तर पुन्हा तेवढीच साखर घ्या. बरं वाटल्यावर नीट जेवा आणि डॉक्टरांशी बोला. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका, तातडीने वैद्यकीय मदत बोलवा.

तिसरी पायरी: पहिलं जेवण सांभाळा

उपवास कशाने सोडता यावर पुढचा सगळा दिवस ठरतो. गोडाने सोडलात तर दोन तासांत पुन्हा भूक लागते, आणि सणांत ती भागवायला समोर गोडच असतं. म्हणून पहिल्या जेवणात प्रथिनं आणि भाज्या आधी: अंडी, डाळी, कडधान्यं, दही, मासे, जे तुमच्या खाण्यात असेल ते. तीन अंड्यांतून साधारण १८ ग्रॅम प्रथिनं मिळतात. दिवसभराचा अंदाज म्हणून दर किलो वजनामागे १.२ ग्रॅम धरा, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ८४ ग्रॅम. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरच ठरवतील.) प्रथिनं कमी पडली की वजनाबरोबर स्नायूही झिजतात. नुसतं घड्याळ पाळणाऱ्यांचं नुकसान होतं ते इथेच.

गोड खायचंच असेल तर जेवणाच्या शेवटी, बसून, ताटलीत घेऊन खा. डब्यातून हाताने खाल्लेल्याचा हिशोब राहत नाही.

चौथी पायरी: आमंत्रणाचा दिवस

खरी परीक्षा ही असते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. समजा, तुमचं खाणं सकाळी ११ ते रात्री ९ या वेळेत असतं आणि आमंत्रण रात्री साडेआठचं आहे. साडेआठ म्हणजे ताट समोर यायला साडेनऊ होणार हे गृहीत धरा. 'रात्री भरपूर आहे' म्हणून दिवसभर उपाशी राहणं ही यातली सगळ्यात मोठी चूक. तुम्ही भुकेने कासावीस होऊन पोहोचता आणि मुख्य जेवण यायच्या आत तळलेल्या पदार्थांनी पोट भरता.

त्याऐवजी त्या दिवशी पहिलं जेवण दुपारी साडेबाराला घ्या, प्रथिनं भरपूर ठेवा. पाच-साडेपाचला दही किंवा मूठभर दाणे खा. निघण्याआधी एक फळ आणि ग्लासभर पाणी घ्या. तिथे पोहोचल्यावर ताट हातात घेण्याआधी काय काय मांडलंय ते एकदा सगळं बघून घ्या. जे एरवीही मिळतं ते सोडून द्या. जे खास आजच आहे त्यातले दोन पदार्थ निवडा आणि ते मनापासून, चवीने खा. मग पदार्थांच्या टेबलापासून लांब बसा.

आग्रह होणारच. 'मी डाएटवर आहे' असं सांगितलंत की चर्चा सुरू होते आणि आग्रह दुप्पट होतो. 'फार छान झालंय, पोटभर खाल्लं' एवढं म्हणा आणि ताटात थोडं राहू द्या. रिकामं ताट दिसलं की त्यात पुन्हा वाढलं जातंच.

मद्य घेत असाल तर ते जेवणासोबत आणि मोजकंच. एक ग्रॅम अल्कोहोलमध्ये ७ कॅलरी असतात, आणि रिकाम्या पोटी ते लवकर चढतं. शिवाय त्यानंतर खाण्यावरचा ताबा सुटतो तो वेगळाच.

जेवण साडेदहाला संपलं तर दुसऱ्या दिवशी साडेदहा ते साडेबाराच्या दरम्यान खायला सुरुवात करा. नियम एकच: तास सरकवा, वाढवू नका. घरी परतल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला, जेवणानंतर रक्तातल्या साखरेची उसळी त्याने कमी होते.

पाचवी पायरी: दुसऱ्या दिवशीचा काटा

सकाळी वजन दीड किलोने वाढलेलं दिसेल. घाबरू नका. एक किलो चरबी साठायला गरजेपेक्षा साधारण ७७०० कॅलरी जास्त जाव्या लागतात, आणि एका जेवणात तेवढं कोणी खात नाही. वाढलेलं वजन बरंचसं पाण्याचं असतं: जास्तीचं मीठ पाणी धरून ठेवतं, ग्लायकोजेनचा प्रत्येक ग्रॅम सुमारे ३ ग्रॅम पाणी सोबत घेऊन साठतो, आणि अन्न अजून आतड्यात असतं. उपवास सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात झरझर उतरणारं वजनही असंच पाण्याचं असतं, तेव्हा त्यानेही हुरळून जाऊ नका. शिक्षा म्हणून चोवीस तास उपाशी राहण्याची तर अजिबात गरज नाही. नेहमीच्या वेळी नेहमीचं जेवा.

तरीही वजन मोजत राहा. ब्रिटनमध्ये २७२ जणांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एका गटाला ख्रिसमसच्या काळात आठवड्यातून किमान दोनदा वजन करायला सांगितलं, खाण्याबाबत दहा साध्या सूचना दिल्या आणि कोणता पदार्थ जिरवायला किती हालचाल लागते याची यादी दिली. त्या गटाचं वजन सरासरी ०.१३ किलोने उतरलं, दुसऱ्या गटाचं ०.३७ किलोने वाढलं. ठरवून दोन वार पक्के करा, सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी मोजा आणि आकडा लिहून ठेवा. एका आकड्यावर जाऊ नका, दोन आठवड्यांचा कल बघा.

झोपेबद्दलही एक सांगायला हवं. रात्री एक-दीडला झोपून सहाला उठलात तर दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते आणि मन गोडाकडे ओढ घेतं. अशा दिवशी चौदा तासांचा हट्ट सोडा, बारा पुरेत.

सण संपल्यावर

शेवटच्या मोठ्या जेवणानंतर पाच-सहा दिवस जाऊ द्या आणि मग सुरुवातीच्या आकड्याशी तुलना करा. तोवर पाणी उतरलेलं असतं. वजन जागेवर असेल तर आता ते उतरवायला घ्या: चौदा तास तसेच ठेवा किंवा झेपत असेल तर सोळावर जा, शक्य असेल तर रात्रीचं जेवण लवकर आटपा, जेवणातला गोड-तळलेला वाटा कमी करा आणि आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम करा. आठवड्याला पाव ते अर्धा किलो हा वेग पुरेसा आहे. आणि घरात उरलेले गोडाचे डबे पहिल्या दोन दिवसांतच वाटून टाका.