१९९६ची बारोलो कशी चाखावी

इटलीतील पिएमोन्ते प्रांताच्या लांगे टेकड्यांवरील नेब्बिओलो द्राक्षांपासून बारोलो ही लाल वाइन तयार होते. तिच्या नामांकित वर्षांत १९९६ची गणना होते. त्या वर्षीच्या वाइनमध्ये आम्लता आणि टॅनिन (तुरटपणा देणारे घटक) भरपूर असल्याने ती दीर्घकाळ टिकते.

बाटली किमान एक दिवस उभी ठेवावी, म्हणजे गाळ तळाशी बसतो. जुने बूच ठिसूळ असते, ते सावकाश ओढावे. नंतर बाटलीच्या मानेमागे दिवा ठेवून वाइन एका संथ धारेने काचेच्या सुरईत ओतावी आणि गाळाची पहिली रेघ मानेपाशी दिसताच थांबावे. तळाशी उरलेल्या वाइनबद्दल हळहळू नये, कारण तो गाळ तोंडात कडवट व रेताड लागतो. तापमान १६ ते १८ अंश सेल्सिअस असावे.

पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरल्यास कडेला विटकरी छटा दिसते. रंग फिका म्हणून वाइन दुबळी समजू नये. नेब्बिओलोचा तो स्वभावच आहे. पहिला वास पेला न हलवता घ्यावा, कारण सुकलेल्या गुलाबाचा नाजूक गंध तेव्हाच सापडतो. डांबर आणि चामड्याचे गंध बहुधा मागाहून येतात. घोट तोंडात घोळवून हिरड्यांवरचा तुरटपणा पाहावा आणि अर्ध्या तासाने पुन्हा चाखूनच मत बनवावे.