सकाळी उठवणारा रेडिओ

पुण्यात गजराऐवजी रेडिओच्या आवाजाने जागे व्हायचे असेल, तर केंद्राची निवड रात्री न करता आठवडाभर आपल्या उठण्याच्या वेळीच ऐकून करावी, कारण त्या अर्ध्या तासात निवेदक किती बोलतो, जाहिराती किती लागतात आणि गाणे पूर्ण वाजते का, हे तेव्हाच कळते. आकाशवाणीचे पुणे केंद्र मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झला, तर विविध भारती एफएमवर १०१ मेगाहर्ट्झला लागते. खासगी केंद्रांपैकी ९१.१, ९३.५ आणि ९८.३ चाचपून पाहावीत. भल्या पहाटे निवेदकाचा उत्साह सोसत नसेल (मला तरी सोसत नाही), तर आकाशवाणीच बरी. मध्यम लहरींवर खरखर येत असेल, तर उशाजवळचा मोबाइलचा चार्जर आणि एलईडी दिवा आधी बंद करावा, मग संच जागच्या जागी हळूहळू फिरवून पाहावा, कारण त्याचा अँटेना आतल्या फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेला असून तो दिशेनुसार कमीजास्त पकडतो. एफएमसाठी मात्र बाहेरची दांडी पूर्ण ओढून संच खिडकीशी ठेवावा. रात्रीच्या शांततेत पुरेसा वाटलेला आवाज सकाळी कुकरच्या शिट्टीत हरवतो, म्हणून तो थोडा चढाच ठेवावा.