ऑपरेशननंतरचे तीस दिवस : पेशंटचा पाठपुरावा असा करा

मिरजेत सर्जरी वॉर्डात मी चौदा वर्षं सिस्टर होते. करोनाच्या साथीत आमच्या सरांनी मला संशोधनाच्या अभ्यासाच्या कामाला घेतलं. तेव्हापासून ऑपरेशन झालेल्या पेशंटचा तीस दिवसांचा पाठपुरावा माझ्याकडे आहे. या कामावर नवीन येणाऱ्यांना फॉर्म कसा भरायचा हे एका दिवसात शिकवतात. पेशंटकडून खरं उत्तर कसं काढायचं, हे मात्र कुणी बसून सांगत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

पहिलं काम तारखांचं. पेशंट वॉर्डात असेपर्यंत जखम बहुधा छान दिसते. चिघळते ती साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास, आणि तोवर माणूस जतला नाहीतर कर्नाटकात अथणीला आपल्या घरी पोहोचलेला असतो. म्हणून बहुतेक अभ्यासांत तीस दिवस धरतात. हर्नियाची जाळी किंवा सांध्याचा इम्प्लांट बसवला असेल तर खोलवरच्या इन्फेक्शनसाठी नव्वद. पण तीस मोजायचे कुठून? काही अभ्यासांत ऑपरेशनचा दिवस शून्य धरतात. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या पद्धतीत तोच दिवस एक असतो. एका दिवसाच्या फरकाने पेशंट मोजणीच्या आत किंवा बाहेर जातो, तेव्हा प्रोटोकॉलमधलं, म्हणजे अभ्यासाच्या लेखी नियमांमधलं, ते वाक्य शोधा आणि रजिस्टरच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

फोन नंबर भरती होतानाच घ्या, डिस्चार्जच्या गडबडीत नको. एक नंबर कधीच पुरत नाही. आमच्याकडे जत भागातली माणसं ऊसतोडीला निघून जातात, फोन मुलाकडे राहतो, मुलगा कामावर. मी तीन नंबर घेते : घरचा, लेकीच्या सासरचा आणि शेजारचा किंवा दुकानाचा. दुसऱ्यांच्या नंबरावर फोन करायला पेशंटची परवानगी संमतीपत्रातच घ्या. त्या फोनवर आजाराचं नाव काढायचं नाही. “दवाखान्यातून बोलतेय, मामांना फोन करायला सांगा,” एवढंच. सही येत नसेल तर अंगठा घ्या, आणि साक्षीदार आपल्या टीमबाहेरचा हवा. तो कागद आधी साक्षीदारासमोर पेशंटला मोठ्याने वाचून दाखवा.

आता प्रश्न कसे विचारायचे ते. माझ्या पहिल्या वर्षी हर्नियाचे एक आजोबा होते. नवव्या दिवशी मी फोन करून विचारलं, “जखमेत इन्फेक्शन आहे का?” ते म्हणाले, “न्हाई बाई, तसलं काय न्हाई.” मी ‘नाही’वर खूण केली. बाराव्या दिवशी ते ओपीडीत आले तेव्हा धोतराचा एक पदर पिवळा होऊन कडक झाला होता. आठव्या दिवसापासून येत होतं म्हणाले. “मग फोनवर का नाही सांगितलंत?” “पाणी येतंय का, असं कुठं इचारलंत?” त्यांच्या लेखी ते पाणी होतं. इन्फेक्शन हा शब्द त्यांनी पेपरात वाचलेला, स्वतःच्या अंगाला लावलेला नव्हता. त्यांची जाळी वाचली, पण ते तीन-चार दिवस वाया गेले ते माझ्या प्रश्नामुळे.

तेव्हापासून मी निदान विचारत नाही, जे दिसतं ते विचारते. कपड्याला डाग पडतो का? दिवसातून पट्टी कितीदा बदलावी लागते? डाग कसला, पाण्यासारखा की घट्ट पिवळा? वास येतो का? टाक्यांच्या कडेला हात लावला तर गरम लागतं का? ठणका कालच्यापेक्षा वाढलाय का? थंडी वाजून ताप आला का? आणि दोन प्रश्न कधीच गाळू नका. गावातल्या डॉक्टरांनी टाका मोकळा केला का? त्यांनी गोळ्या-इंजेक्शन नव्याने सुरू केलं का? फॉर्मवर ‘नाही’ आणि घरी पाच दिवसांचं अँटिबायोटिक चालू, असं मी कितीतरी वेळा पाहिलंय.

शब्द गावागणिक बदलतात. जखमेतून पाणी आलं की कुणी ‘लस येते’ म्हणतं. लसीकरणाच्या दिवसांत या शब्दाने मोठा घोळ झाला, मी “लस?” विचारलं की बाई दंडावरचं इंजेक्शन सांगायच्या. अथणीकडचे लोक पूला ‘कीवु’ म्हणतात, तो शब्द मी वहीत लिहून ठेवलाय. पिवळा डाग सांगितला की जखमेवर काय लावलं हेही विचारा, कारण घरोघरी हळद लावतात. ऐकून रागवू नका. एकदा रागावलात की पुढच्या फोनला तो माणूस काहीच सांगणार नाही.

फोनवर पू कळला तर खूण करून थांबायचं नाही, त्याच दिवशी बोलवायचं. प्रत्यक्ष बघितल्यावर एक बारीक फरक करावा लागतो. टाका जिथून आत शिरतो त्या टिपक्यापुरतीच लाली आणि थेंबभर पू असेल, तर सीडीसीच्या व्याख्येत ते जखमेचं इन्फेक्शन धरत नाहीत. चिरेच्या रेषेतून पू आला तर धरतात. बोट ठेवून बघा, डॉक्टरांना दाखवा, आणि कोणत्या टाक्याजवळ ते चित्र काढून लिहा. फोटो काढलात तर खिडकीच्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून, चेहरा न येऊ देता, आणि आपल्या खासगी फोनवर ठेवू नका.

पू तपासणीला पाठवताना नळीची चूक सगळ्यात महागात पडते. करोनाच्या काळात सगळीकडे गुलाबी पाण्याच्या नळ्या पडलेल्या असायच्या आणि कुणीतरी घाईत पूची काडी त्यात बुडवायचं. ते विषाणूसाठीचं माध्यम आहे. बॅक्टेरिया वाढू नयेत म्हणून त्यात मुद्दाम अँटिबायोटिक घातलेलं असतं. त्यातून कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, ‘वाढ नाही’ असं आलं तर त्याला काही अर्थ नाही. फॉर्मलिनचंही तेच. टीबीची शंका असलेला तुकडा थिएटरमधून फॉर्मलिनमध्ये आला की त्यातले जंतू मेलेलेच असतात, मग कल्चरला पाठवायला काही उरत नाही. पू जमेल तेव्हा सिरिंजमध्ये ओढून घ्या. काडीच वापरायची असेल तर आधी जखम निर्जंतुक सलाईनने धुवा आणि मग आतून घ्या, वरच्या खपलीवरून नको. अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी घेतलेला नमुना सगळ्यात उपयोगी. करोनासाठी घेतलेल्या नाकाच्या नमुन्याला मात्र कृत्रिम धाग्याची काडी हवी. लाकडी दांडीची कापसाची काडी पीसीआरला चालत नाही.

आता पेशंटला करोना झाला होता का, त्याचा इतिहास. हा का विचारायचा, ते आकड्यांवरून कळतं. मे २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये २४ देशांतल्या १,१२८ पेशंटचा अभ्यास आला. ऑपरेशनच्या आसपास करोना झालेल्या या माणसांपैकी २३.८ टक्के तीस दिवसांत दगावली, आणि निम्म्याहून जास्त जणांना फुफ्फुसाचा त्रास झाला. मग ऑक्टोबर २०२० मध्ये ११६ देशांत १,४०,२३१ पेशंटची नोंद झाली. करोना न झालेल्यांमध्ये तीस दिवसांतले मृत्यू १.५ टक्के. करोनानंतर दोन आठवड्यांच्या आत ऑपरेशन झालं तर ४.१, आणि सात आठवडे उलटले की पुन्हा १.५. सात आठवड्यांनंतरही ज्यांची लक्षणं चालूच होती त्यांच्यात ६ टक्के. हे सगळं लस येण्याआधीचं आहे, आजच्या पेशंटला तोच आकडा डोळे मिटून लावू नका. पण करोनानंतर ऑपरेशन सात आठवडे थांबवण्याचा तेव्हाचा सल्ला ज्या नोंदींवर उभा राहिला, त्या कुठल्या ना कुठल्या वॉर्डात आपल्यासारख्याच कुणीतरी भरलेल्या होत्या.

त्यातली कळीची नोंद म्हणजे करोना कधी झाला. पेशंट रिपोर्ट आल्याची तारीख सांगतो, तुम्हाला नमुना घेतल्याची हवी. बरं झाल्यावरही आरटी-पीसीआर काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून पहिला पॉझिटिव्ह रिपोर्ट मागा, शेवटचा नको. “करोना झाला होता का?” याला बरेच जण ‘नाही’च म्हणतात. ऑपरेशन पुढे ढकलतील ही भीती असते. “गेल्या दोन महिन्यांत घरात कोण आजारी होतं? तुम्हाला वास येत नव्हता असं झालं का? जिना चढताना अजून दम लागतो का?” असं विचारलं की उत्तर येतं. पाठपुराव्यातही दम विचारा, आणि एका पायाची पोटरी सुजली आहे का तेही. करोनानंतर रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. अचानक दम किंवा छातीत दुखणं सांगितलं तर फोनवरच लगेच दवाखान्यात निघायला सांगा, आणि १०८ नंबर द्या.

लिहिण्याची शिस्त थोडीच आहे, पण ती मोडू नका. चूक झाली तर एकच रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. व्हाइटनर टेबलावर ठेवूच नका. फोनवर बोलतानाच लिहा, संध्याकाळी आठवून लिहू नका.

तिसाव्या दिवशी फोन लागला नाही तर त्या चौकटीत ‘त्रास नाही’ लिहायचं नाही. तिथे ‘संपर्क झाला नाही’ लिहा, किती वेळा आणि कुठल्या वेळी प्रयत्न केला तेही लिहा. मी सकाळी सातच्या आत आणि रात्री आठनंतर करते, मधल्या वेळेत लोक रानात असतात. तिन्ही नंबर बंद असतील तर पेशंटने आधी परवानगी दिलेली असल्यास गावच्या आशाताईंना निरोप देते. गेल्या हंगामात एका बाईंचा पत्ता असाच चौतिसाव्या दिवशी लागला. फडावर होत्या, टाक्याची जागा कोरडी होती, अठराव्या दिवसापासून दोन दिवस ताप आलेला. चौतिसावा दिवस म्हणून फोनची तारीख खरी तीच लिहिली, आणि ताप अठराव्या दिवसाच्या रकान्यात.