अंग पुसायच्या आधी

रुग्णांची देखभाल करण्याच्या कामावरचा माझा तिसरा दिवस. सकाळची पाळी, वाट्याला सहा जण, आणि साडेआठच्या आत सगळ्यांचं आवरून झालं पाहिजे. एका खोलीत शिरता शिरताच मी मोठ्यांदा म्हटलं, "चला आजी, अंग पुसून घेऊ," आणि चादर बाजूला केली. त्यांनी ती दोन्ही हातांनी परत ओढून घेतली. "मी तुझी आजी नाही. जन्मभर शाळेत शिकवलंय, बाई म्हण. आणि आधी दार लाव."

दार सताड उघडं होतं. बाहेरून लोक जात-येत होते.

प्रशिक्षणात 'समानता आणि विविधता' हा धडा मला होता. वय, लिंग, धर्म, जात, वंश, अपंगत्व, लैंगिक कल ही यादी मी पाठ केली होती, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. बाईंच्या खोलीत त्यातलं काहीच आठवलं नाही, कारण माझ्या मनात त्यांच्याबद्दल वाईट काही नव्हतंच. मला फक्त उरकायचं होतं. नव्याने येणाऱ्यांना मी हेच आधी सांगते: आपल्या हातून होणारा भेदभाव बहुतेक वेळा घाईतून आणि सवयीतून होतो, म्हणून तो आपल्याला दिसत नाही. डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मरणशक्ती आणि समज ढासळत जाणाऱ्या आजाराच्या, रुग्णांवर काम केलेल्या टॉम किटवुड यांनी १९९७ साली माणसाचं माणूसपण खच्ची करणाऱ्या वागण्याचे १७ प्रकार नोंदवले. लहान मुलासारखं वागवणं, समोरच्याला झेपणार नाही अशा वेगाने उरकणं, तो तिथे नाहीच असं धरून चालणं, असे. चांगल्या मनाची माणसंही हे करतात, असं त्यांनीच बजावलं होतं. ती यादी वाचताना मला माझी सकाळची पाळी दिसली.

म्हणून पहिला प्रश्न, "तुम्हाला काय म्हणू?" उत्तर फाइलवर लिहायचं, म्हणजे रात्रपाळीवालीला पुन्हा विचारावं लागत नाही. माणसाचं बोलणं गेलं की आपण 'अहो'वरून 'तू'वर कधी येतो ते कळत नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या चाळिशीच्या गृहस्थांना 'बाळा' म्हणणारे मी पाहिलेत, आणि म्हणणाऱ्याला त्यात माया दिसते. एखाद्याने कागदावरच्या नावापेक्षा वेगळं नाव सांगितलं, तर तेच घ्यायचं. त्यावर चर्चा नको.

आता ज्या बाबतीत मी सगळ्यात वाईट चुकले, ते सांगते. बेडसोअरची, म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दाबामुळे होणाऱ्या जखमेची, पहिली खूण म्हणून आम्हाला लाल डाग शिकवला होता: बोटाने दाबा, लाली गेली नाही तर सावध व्हा. एक गृहस्थ खूप सावळे होते. मी दोन दिवस त्यांची पाठ पाहिली, लाल काही दिसलं नाही, चार्टवर 'ठीक' लिहिलं. तिसऱ्या दिवशी सिस्टरनी मला बोलावलं आणि माझा हात धरून त्यांच्या माकडहाडाजवळ टेकवला. तेवढी जागा आजूबाजूपेक्षा गरम होती आणि कातडीखाली घट्ट लागत होती. खिडकीचा पडदा सरकवल्यावर तिथला रंग किंचित जांभळट दिसला. गडद त्वचेवर लाली डोळ्यांना दिसेलच असं नसतं. तिथे हाताने बघायचं: गरम की गार, घट्ट की लिबलिबीत, दुखतंय का, शेजारच्या त्वचेपेक्षा रंग वेगळा आहे का. पाठ्यपुस्तकातली चित्रं गोऱ्या पाठींची होती आणि मी ती डोळ्यात घेऊन हिंडत होते.

यंत्रंही यातून सुटत नाहीत. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन प्रकाशाच्या साहाय्याने मोजतो आणि गडद त्वचेवर तो खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात यंत्रावर ९२ ते ९६ टक्के दिसत असताना प्रत्यक्ष रक्तातला ऑक्सिजन ८८ टक्क्यांच्या खाली असल्याचं कृष्णवर्णीय रुग्णांच्या ११.७ टक्के तपासण्यांमध्ये आढळलं, गोऱ्यांच्या ३.६ टक्के. त्यामुळे आकडा चांगला असला तरी धाप, ओठांचा रंग, गोंधळलेपण याकडे बघा आणि शंका आली की लगेच वर कळवा.

औषध न घेणाऱ्यांचंही तसंच. एका काकांच्या उशीखाली कॅप्सूल सापडायच्या आणि सगळे त्यांना हट्टी म्हणायचे. कॅप्सूलचं आवरण बहुधा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं. ते त्यांना चालत नव्हतं आणि सांगायला संकोच होता. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, प्रश्न मिटला. अशा वेळी आपल्या मनाने कॅप्सूल उघडून पूड मात्र देऊ नका, काही औषधं पोटात हळूहळू सुटावीत अशी बनवलेली असतात.

ऐकू न येणाऱ्याचं श्रवणयंत्र ड्रॉवरमध्ये पडून असतं आणि आपण लेकीला विचारून मोकळे होतो. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात अशी वाजवी सोय नाकारणं हाच भेदभाव मानलाय. बॅटरी बघायला मिनिट लागत नाही. भाषेच्या अडचणीतही नातवाला दुभाषा करू नका. लघवीची तक्रार नातवासमोर कोण सांगेल?

उलटी बाजू कुणी शिकवत नाही. तुमचा रंग, जात किंवा धर्म बघून एखादा पेशंट म्हणेल, "हिला हात लावू देऊ नका." माझ्या सोबतिणीला एकाने असं म्हटलं, तेव्हा आमच्या सुपरवायझरने गुपचूप ड्यूटी बदलली. वाद टळला, पण त्या मुलीने काय समजायचं? माझं मत असं: अंग अर्धवट पुसलेलं असताना भांडायचं नाही, माणूस सुरक्षित ठेवायचा, मग लेखी कळवायचं आणि पेशंट भानावर असेल तर व्यवस्थापनाने त्याच्याशी बोलायचं. डिमेन्शियात ताळतंत्र सुटलेलं असेल तर गोष्ट वेगळी. आणि बाईमाणसाने अंघोळीला बाईच मागितली, तर तो तुमचा अपमान नाही. या दोन मागण्या एकाच तराजूत घालू नका. मी सुरुवातीला घातल्या होत्या.

शेवटचं, पाळी बदलतानाच्या नोंदीबद्दल. 'सहकार्य करत नाहीत' हे शब्द एकदा फाइलवर गेले की पुढची प्रत्येक जण त्या खोलीत आधीच कपाळाला आठी घालून शिरते. काय घडलं तेवढं लिहा. बाईंबद्दल मी पहिल्यांदा 'हट्टी' असं लिहिलं होतं. नंतर ते खोडून लिहिलं: "सकाळी ७ ला नको म्हणाल्या. ९ ला स्वतः तयार. दार लावून, पाणी जरा कढत. पाठ आपण, बाकी त्या स्वतः पुसतात."